बेचाळिसावा दात

माणूस भेटला की कुणी त्याचा चेहरा बघतं, कुणी चपला बघतं. ह्याची नजर थेट तोंडात. समोरचा हसला रे हसला, की ह्याच्या मनात मोजणी सुरू: वरची डावी दाढ गेलेली, पुढचा एक जरासा वळलेला, खालचे झिजलेत, म्हणजे झोपेत दात खात असणार. म्हणून गल्लीनं त्याचं नाव बत्तीशी ठेवलं होतं. तो रागावत नसे. उलट दुकानाच्या पाटीवर तेच रंगवून घ्यायच्या विचारात होता, पण बायकोनं मोडता घातला.

धंदा कवळ्या करण्याचा. दोन जिने चढून गेलं की लांबट खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर मेणाची वाटी, गुलाबी पावडरीचा डबा, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. प्रत्येक जबड्यावर पेन्सिलीनं आकडा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, हा त्यावर दात बसवून परत पाठवायचा. तोंड ओळखीचं, माणूस अनोळखी. सव्वीस वर्षांत एकही जण दोन जिने चढून "छान झाली हो कवळी" असं सांगायला आला नव्हता. येईल तरी कशाला? जोडा चावला तरच माणूस दुकानात परत जातो.

अशात एका सकाळी मेट्रनबाई जिने चढून आल्या. मोठ्या दवाखान्यात नर्सांवर हुकूमत गाजवून निवृत्त झालेल्या, गुडघे दुखरे, आवाज मात्र शाबूत. रुमालाची गाठ सोडून त्यांनी टेबलावर कवळीचे दोन तुकडे ठेवले आणि तोंडापुढे हात धरून बोलल्या, "चावली."

"कोण चावली?"

"कवळी चावली. म्हणजे कवळीला चावली. माझी कुत्री."

बत्तीशीनं तुकडा उजेडात धरला. धरला तो खाली ठेवेना. बाईंना वाटलं, कवळी कामातून गेली. पण त्याचं लक्ष मोडलेल्या कडेकडे नव्हतंच. गुलाबी मसाल्यात कुत्रीचे जे दात रुतले होते, त्यांच्या खुणांवर त्याची नजर खिळली होती. एका ओळीत, एकसारख्या खोल, एकमेकींपासून अशा नेमक्या अंतरावर, की जणू कुणी पट्टी लावून आखल्यात.

"बाई, कवळी उद्या घेऊन जा. पैसे नकोत. पण येताना आरोपीला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आरोपी कापडी पिशवीतून आली. डॅशहाउंड जातीची. लांबी दोन कुत्र्यांची, उंची अर्ध्या कुत्र्याची, कान मात्र तीन कुत्र्यांना पुरतील एवढे. बत्तीशीनं हात धुतले, अंगठ्यानं तिचा ओठ वर केला आणि तसाच राहिला. वरचे सहा दात खालच्या सहांना किंचित घासून पुढे येत होते, कात्रीची पाती मिटावीत तसे. त्यामागे सुळे, सुळ्यांमागे दाढा, चढत्या क्रमानं, एकही जागा न चुकता. मोजले. बेचाळीस. मेण तापवून, निळा कागद चावायला लावून, घासून, परत मेण लावून वरच्या-खालच्या दातांची जी मिठी त्याला आठवडाभरात जमत नसे, ती इथं आपोआप बसलेली.

"काय हो हे काम!" तो पुटपुटला.

"काम खरंच आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. आता कवळी बसवल्यामुळे शब्द पुरे बाहेर पडत होते. "सात पिढ्यांचं. हिच्या पणजीच्या पणजीपासून मी जोड्या लावतेय. कुणाची पाठ चांगली, कुणाचे पाय, कुणाचे दात, कुणाचा स्वभाव. तुम्ही दात बसवता, मी निवडते."

"म्हणजे सोयरीक जुळवून दात करायचे?"

"दात काय, सगळंच. फक्त मन लावायला लागतं आणि वाट बघायला लागते."

त्या दिवसापासून बत्तीशीला त्या नादानं धरलं ते धरलंच.

आठ दिवसांनी तो मेट्रनबाईंचं घडीचं टेबल खांद्यावर घेऊन कुत्र्यांच्या प्रदर्शनाला गेला. मोठी शेड, ओल्या केसांचा आणि पावडरीचा वास, दोरीनं आखलेली रिंगणं, आणि माणसं अशी की कुत्र्याला तीन कंगवे आणि स्वतःचे केस मात्र उभे. एक जाडजूड गृहस्थ जाडजूड कुत्र्याला घेऊन डुलत चालले होते. दोघांत कोण कुणाला घेऊन चाललंय ते कळेना. बत्तीशी पिंजऱ्यापिंजऱ्यापुढे थांबून अदबीनं विचारत होता, "जरा तोंड बघू का?"

"डॉक्टर आहात?"

"नाही हो. कवळ्या करतो."

लोक आपापली कुत्री मागे ओढून घेत. तरी त्यानं पस्तीस तोंडं बघितलीच. संध्याकाळी बायकोनं विचारलं, "कुठल्या रंगाची होती कुत्री?" तर ह्याला एकाचाही रंग सांगता येईना.

"अहो, प्रदर्शनाला गेला होतात की तपासणीला?" बायको म्हणाली.

"बाबांना उद्या वाघ दिसला तरी आधी दाढा मोजतील," मुलगी म्हणाली. "मग पळतील."

मेट्रनबाईंच्या कुत्रीला पुढं पिल्लं झाली आणि त्यांतलं एक त्यांनी बत्तीशीच्या हातात ठेवलं. किंमत नाही, अट नाही. "माझे गुडघे गेले," त्या म्हणाल्या. "हे शेवटचं वेत. बाकीची पिल्लं लोकांनी घरी खेळायला नेली. घराणं पुढं न्यायचं असेल तर आता हिच्याच हातात आहे. आणि तुमच्या."

घरात सासूबाईही होत्या. जावयाच्या घरी राहत म्हणून दबून राहतील असल्या त्या नव्हेत. त्यांच्या तोंडात जावयानंच केलेली कवळी होती आणि पहिल्याच दिवशी त्यांनी बोटानं मोजून तक्रार केली होती, "जावईबापू, अठ्ठावीसच? चार मारलेत की!"

"त्या अक्कलदाढा, आई. त्या कवळीत बसवत नाहीत."

"तरीच ह्या घरात अक्कल नाही," सासूबाई म्हणाल्या होत्या. आता पिल्लू उंबऱ्यातून आत आलं, आपल्याच कानावर पाय पडून कोलमडलं, उठलं आणि सरळ सासूबाईंच्या खाटेखाली जाऊन बसलं. त्यांनी वाकून बघितलं. "आली एकदाची," त्या म्हणाल्या. कागदावर पिल्लाचं नाव दीड ओळ लांब होतं. घरात ते अक्कल झालं.

मग काय विचारता! दारातून हाका सुरू: "अक्कल कुठं गेली?" "अक्कल गल्लीत फिरतेय बघ." "अक्कल माझ्या चपलेवर बसलीय." शेजारीण सांगायची, ह्यांच्या घरात अक्कल नाहीशी झाली की सगळी गल्ली शोधायला निघते. मुलगी कामावरून आली की विचारायची, "बाबा, आज अक्कल जेवली का?" आणि बाबा गंभीरपणे सांगायचे, "जेवली, पण अर्धीच वाटी."

शिकवणी दुकानात चालायची. टेबलाची एक बाजू मोकळी करून त्यावर अक्कलला उभं करायचं, चारी पाय सरळ, मान वर. प्रदर्शनात परीक्षक बुटक्या कुत्र्यांना टेबलावरच तपासतो, पाठीवरून हात फिरवतो, शेवटी ओठ वर करून दात बघतो. भलीभली कुत्री तिथं तोंड फिरवतात. अक्कलला मात्र बत्तीशीनं दिवसातून दहा वेळा दात दाखवायला शिकवलं आणि दर वेळी तोंडात काहीतरी गोड टाकलं. परिणाम असा झाला, की कुणीही हात पुढं केला की ही स्वतःच ओठ वर करून सगळे दात दाखवायची. तिच्या मते ते मोठं अगत्य. पोस्टमन तीन पायऱ्या मागं सरकला आणि पुढचा महिनाभर पत्रं खालूनच फेकत राहिला.

"अहो, ती चावत नाही, हसतेय!" बायको वरून ओरडायची.

"मग जरा कमी हसायला सांगा!" तो खालून.

पहिल्या प्रदर्शनाला बायकोनं बत्तीशीला नवे बूट घ्यायला लावले. "सगळे तिचे पाय बघणार, पण तुमचेही दिसणारच की." रिंगणात तो इतका ताठ चालला, की मुलीच्या मते परीक्षकानं चुकून त्यालाच नंबर दिला असता. पण नंबर अक्कललाच मिळाला. लहान पिल्लांत पहिली! टेबलावर परीक्षकबाईंनी हात पुढं केला, तशी अक्कलनं आपणहून अठ्ठावीस दुधाचे दात उघडून दाखवले, आणि बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या रिंगणातली माणसं वळून बघायला लागली. निळी फीत घरी आली. ती सासूबाईंनी आपल्या खाटेच्या दांडीला बांधली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, "आमची अक्कल पहिली आली."

दुधाचे दात पडले, पक्के येऊ लागले. बत्तीशीनं तक्ता केला होता. दात निघाला की खूण. रोज सकाळी चहाच्या आधी मोजणी. सदतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. मग थांबलं.

आठवडा गेला, महिना गेला. खालच्या जबड्यात डाव्या बाजूला, सुळ्याच्या मागं दोन घरं सोडून, एका लहानशा दाढेची जागा मोकळी. गुळगुळीत हिरडी. बत्तीशीनं बोटानं चाचपलं, आरशानं बघितलं, शेवटी माणसाचं घेतात तसं लगद्यानं माप घेतलं. निम्मा लगदा अक्कलनं खाल्ला, उरलेल्या निम्म्यात प्लास्टर ओतलं. प्लास्टरही तेच म्हणालं. ज्या डॉक्टरीणबाईंना तो कवळ्या पुरवायचा त्यांनी एक्स-रेचा फोटो काढून दिला. हिरडीखाली काही नव्हतं. दात लपलेला नव्हता. तो नव्हताच.

सासूबाई म्हणाल्या, "धर्माची गाय अन् दात का गं नाय? फुकट मिळालेल्या जनावराचे दात मोजायला सांगितले कुणी?"

"कुत्र्यांच्या क्लबनं, आई," बत्तीशी म्हणाला.

ते खरं होतं. क्लबचा नियम साधा होता. वर्षाच्या मोठ्या प्रदर्शनात 'उत्तम' शेरा मिळाला तरच त्या कुत्रीच्या पिल्लांना कागद मिळणार, म्हणजेच घराणं पुढं चालणार. आणि तोंड पूर्ण भरलेलं नसेल तर 'उत्तम' नाही. बाकी अक्कलची पाठ, चाल, छाती, सगळं असं की बघत राहावं. एका तांदळाएवढ्या दाढेवर सात पिढ्या अडल्या होत्या.

मेट्रनबाईंना हे सांगायला तो दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेला. दोन्ही वेळा त्यांनी हसून विचारलं, "काय म्हणते आमची मुलगी?" आणि त्याची दातखीळ बसली. "मजेत आहे," म्हणून परत आला.

आता सव्वीस वर्षं ज्यानं दुसरं काही केलं नाही, त्याच्यापुढं मोकळी हिरडी आली तर त्याचे हात काय करणार? मन ठरवायच्या आधी हात कामाला लागले. एक इवलीशी दाढ, शेजारच्या दाढेला धरून बसणारी केसाएवढी तार, आणि खाली हिरडीच्या रंगाचा पापुद्रा. पण दाताचा रंग जुळेना. माणसांच्या दातांच्या सगळ्या छटा अक्कलपुढं पिवळ्या पडत. आठ दाढा त्यानं केल्या आणि आठ टाकल्या. नववी बसवली आणि तक्त्याशी उभा राहून मोजायला लागला, तर आपलीच कुठली हे ओळखायला त्याला बोट लावून बघावं लागलं.

घरी दाखवली. मुलीनं टाळ्या वाजवल्या. बायको भाजी निवडत राहिली.

"बोल की," बत्तीशी म्हणाला.

"काय बोलू? हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात म्हणे. आता कुत्रीचेही?"

"का गं?" सासूबाई खाटेवरून कडाडल्या. "मी चार वर्षं ह्यांचे अठ्ठावीस घालून फिरतेय. मला कुणी लबाड म्हटलं? आणि तिनं एक घातला तर बिघडलं?"

"आई, तू खायला घालतेस. ती कशाला घालणार? खोटं बोलायला?"

"ती कुठं बोलते? ती तर नुसती हसते!"

ह्यावर बायकोला हसू आलं आणि बोलणं तिथंच राहिलं. बत्तीशीला हवं होतं तेवढं उत्तर त्यानं उचललं, आणि बाकीचं ऐकलंच नाही असं केलं.

मोठं प्रदर्शन आलं. परीक्षक म्हातारे, काटकुळे, बाहेरगावाहून बोलावलेले. त्यांच्याबद्दल म्हणायचे की हा माणूस कुत्र्याच्या सावलीतही खोट काढतो. मेट्रनबाई पहिल्या रांगेत खुर्ची घेऊन बसल्या होत्या, काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. अक्कल रिंगणात चालली तशी कधीच चालली नव्हती. कान झुलतायत, पाठ सपाट, पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे. एकेक कुत्री बाहेर पडत गेली, शेवटी तिघीच राहिल्या. मग टेबल.

परीक्षकांनी हात पुढं केला, अक्कलनं दात उघडले. ते मोजत गेले. उजवीकडून, वरून, मग खाली डावीकडे आले आणि थांबले. खिशातून टॉर्च काढला. बत्तीशीच्या नव्या बुटांत घामाचं तळं झालं.

"सकाळपासून शंभर तोंडं बघितली," परीक्षक सावकाश म्हणाले. "पण ही दाढ! काय बसलीय! शेजारच्या दोन्ही दाढांशी अंतर सारखं, उंची नेमकी, आणि रंग तर… असं सुबक काम मी क्वचित बघितलंय."

सव्वीस वर्षं. हजारो दात. आणि कुणीतरी पहिल्यांदा तोंडावर म्हणत होतं, की काम सुबक झालंय. बत्तीशीचा चेहरा उजळला, छाती फुगली, आणि तोंडातून शब्द निघून गेले:

"आभारी आहे, साहेब. नऊ वेळा रंग जुळवला."

शेडमध्ये शंभर कुत्री होती. तेवढ्या क्षणापुरतं एकही भुंकलं नाही.

परीक्षक हे मुद्दाम म्हणाले की भाबडेपणानं, ह्यावर कुत्रेवाल्या मंडळींत अजून वाद चालतो. त्यांनी टॉर्च विझवला आणि तळहात पुढं केला. बत्तीशीनं लाल होऊन नखानं तार सोडवली आणि दाढ त्या तळहातावर ठेवली. अक्कलला वाटलं, हात पुढं आला म्हणजे आपलंच काम. तिनं उरलेले एक्केचाळीस दात मोठ्या प्रेमानं दाखवले. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी शेड हसायला लागली. परीक्षक तेवढे हसले नाहीत. त्यांनी दाढ उजेडात धरून उलटीपालटी करून बघितली, कागदात बांधली आणि खिशात ठेवली.

क्लबच्या चौघांनी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून निकाल दिला: बत्तीशीला वर्षभर रिंगणात पाय ठेवायला बंदी. शेरा नाही. बत्तीशी अक्कलला काखेत घेऊन दाराकडं निघाला, तर दारात मेट्रनबाई उभ्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही. तुमचं घराणं माझ्या हातात बुडालं असं कुठल्या तोंडानं सांगू?"

"अहो, दात नाही तर नाही! सात पिढ्यांत काय सगळे बेचाळीस होते वाटतं तुम्हाला? दुसऱ्या पिढीत कान वाईट होते, चौथीत एक पार भित्री निघाली. मी काही लपवलं नाही. सांगितलं, मोजलं, पुढची जोडी त्यावरून लावली. लपवलं असतं तर तेच पिल्लांच्या पोटात उतरलं असतं." त्यांनी काठी आपटली. "तोंडातला दात तार सोडून काढता येतो. रक्तातली खोट कुठल्या तारेनं काढाल?"

"चुकलो, बाई."

"चुकलातच." त्यांनी हात पुढं करून अक्कलचा कान सरळ केला. मग म्हणाल्या, "नऊ वेळा?"

"नऊ."

आणि मेट्रनबाई अशा हसल्या, अशा हसल्या, की त्यांना काठी सोडून बत्तीशीच्या खांद्याला धरावं लागलं.

घरी सासूबाईंनी परीक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बायकोनं नवे बूट पुसून खोक्यात ठेवले आणि खोक्यावर लिहिलं, 'पुढच्या वर्षी'.

महिन्याभरानं क्लबचं पत्र आलं. पोस्टमन ते घेऊन चक्क वर आला, कारण गोष्ट त्याच्याही कानावर गेली होती. त्या परीक्षकांनी क्लबला लिहिलं होतं, की दात सोडून ह्या कुत्रीत बोट ठेवायला जागा नाही, आणि मालक कच्चा लबाड आहे, म्हणजे लबाडी त्याला जमत नाही. म्हणून एक संधी द्यावी. पूर्ण दातांच्या घराण्यातला नर शोधून एक वेत होऊ द्यावं. पिल्लं सात महिन्यांची झाली की सगळ्यांसमोर दात मोजावेत. चारांत तीन ह्या हिशेबानं तोंडं भरलेली निघाली तर घराणं चालू. नाहीतर इथंच थांबेल.

मग सुरू झालं स्थळं बघणं. बत्तीशी सुट्टीच्या दिवशी आरसा आणि वही घेऊन निघायचा. नुसता मुलगा बघून त्याचं समाधान होत नसे. मुलाची आई, बाप, मामा, मावशा, सगळ्यांची तोंडं उघडून बघायची. एका घरी तर नवरा मुलगा झोपला होता, झोपेतच मोजले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "माझ्या वेळी एवढी चौकशी करू नका हं. मुलगा पळून जाईल."

"तुझ्या वेळी मी फक्त वरचे बघीन."

शेवटी स्थळ मिळालं ते एका बेकरीवाल्याकडं. धष्टपुष्ट, पिंगट, शांत. दुकानात त्याला पाव म्हणत. बत्तीशीनं त्याचे मोजले, त्याच्या आईचे मोजले, आणि विचारलं, "आजीला किती दात आहेत?"

"माझ्या?" बेकरीवाला म्हणाला. "तिला दोनच उरलेत."

"पावाच्या आजीला हो!"

पावाची आजी भट्टीच्या उबेला झोपली होती. म्हाताऱ्या तोंडात दात झिजलेले, पण जागचे हललेले नव्हते. बेचाळीस. बत्तीशीनं वही मिटली. अक्कल आणि पाव ह्यांनी एकमेकांना बघितलं, अक्कलनं सवयीप्रमाणं सगळे दात दाखवले, आणि पाव बिचारा तिच्याकडं बघतच राहिला.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, प्लास्टरच्या जबड्यांच्या फळीखाली ठेवलेल्या खोक्यात चार पिल्लं झाली. बत्तीशी हातातलं मेण तसंच टाकून खाली बसला. त्या दिवशी एका गृहस्थांची कवळी उशिरा गेली आणि त्यांना संध्याकाळी नुसत्या सुपावर भागवावं लागलं. सासूबाई ह्या वयात दोन जिने चढून आल्या, खोक्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अक्कल वाढली हो घरात."

सात महिने कसे गेले ते घरच्यांनाच ठाऊक. चौघांचे चार तक्ते भिंतीवर. पहिली पोर धीट, तिचे भराभरा निघाले. दुसरा मुलीचा लाडका, तोंडावर पांढरा ठिपका असलेला, तो मात्र एक्केचाळिसावर थांबला. त्याच बाजूला, त्याच जागी. मुलगी रुसून बसली, जणू बाबांनीच दात लपवून ठेवलाय. तिसरा पूर्ण. राहिली चौथी, सगळ्यांत बारकी. मोजणीला तीन दिवस उरले तरी तिचीही तीच जागा मोकळी.

"डॉक्टरीणबाईंकडून फोटो काढून आणा ना," बायको म्हणाली.

"नको," बत्तीशी म्हणाला. "असेल तर येईल. नसेल तर नाही म्हणून लिहीन."

मोजणीच्या दिवशी शेडमध्ये तेच म्हातारे परीक्षक आले. मेट्रनबाई टेबलाला टेकून उभ्या. त्या खुर्चीवर बसायला तयारच नव्हत्या. पहिली: बेचाळीस. दुसऱ्याची पाळी आली तसं परीक्षकांनी तोंड उघडायच्या आधीच बत्तीशी म्हणाला, "ह्याचे एक्केचाळीस आहेत, साहेब. खाली डावीकडे." परीक्षकांनी तरी मोजले आणि मान हलवली. तिसरा: बेचाळीस.

चौथीला त्यानं स्वतः टेबलावर ठेवलं. मुलीनं आईचा हात धरला. परीक्षकांचं बोट पुढून मागं सरकत गेलं, सुळा, एक घर, दोन घरं, आणि तिथं थांबलं. त्यांनी टॉर्च लावला. वाकले. परत बोट फिरवलं. मग टॉर्च बाजूला ठेवला आणि बत्तीशीला म्हणाले, "तुम्ही बघा."

"मी कशाला, साहेब? मी तर बंदी घातलेला…"

"बघा म्हणतो ना."

बत्तीशीनं बोट घातलं. ज्या बोटानं इतकी वर्षं दात घासून गुळगुळीत केले, त्या बोटाला काहीतरी टोचलं. हिरडी फोडून वर आलेलं, सुईच्या अग्राएवढं, खरखरीत. सकाळी निघताना तिथं काही नव्हतं. किंवा असेल, आणि घाईत हाताला लागलं नसेल. त्यानं तेच बोट पुन्हा त्याच जागी नेऊन बघितलं.

"अहो, किती?" मेट्रनबाई ओरडल्या.

"टोचतंय," तो म्हणाला. "बाई, टोचतंय!"

"बेचाळीस," परीक्षकांनी लिहून टाकलं. बारकी तेवढ्यात त्या बोटाला कचकन चावली. बत्तीशी ओरडला आणि हसला आणि परत ओरडला, आणि बोट कुणाला पुसू देईना.

क्लबच्या कारकुनानं कागद पुढं ओढला. "पिल्लांचं घराणं कुणाच्या नावानं लावू?"

मेट्रनबाईंनी बत्तीशीकडं बघितलं. बत्तीशी तिथं नव्हता. तो शेडच्या पलीकडच्या टोकाला, एका अनोळखी बाईंच्या कुत्र्यापुढं उकिडवा बसून, रक्ताळलेलं बोट मागं लपवत, अदबीनं विचारत होता, "ह्याच्या आजीचे किती आहेत हो?"

"माझंच नाव राहू द्या," मेट्रनबाई कारकुनाला म्हणाल्या. "आणि खाली त्यांचं लिहा. जागा जास्त सोडा. आता हे थांबायचे नाहीत."